थर्ड बेसवर दिलेला खो

आधी चहाचा घोट गिळा, मग सांगते. नाहीतर ठसका लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल! स्वतःचा घोळ स्वतःच्या तोंडाने काय सांगायचा? पण सांगते, कारण त्यात माझी तन्वी आहे.

तन्वी म्हणजे माझ्या दादाची लेक. ओझरच्या पोरींच्या बेसबॉल टीममधली सगळ्यात चपळ. का नसेल? भाची कोणाची? अहो, खो-खोत मी जिल्हा गाजवलाय!

नाशिकला जिल्ह्याची फायनल होती. दादाने पोरीला बजावलं होतं, "जिंकलात तर पुढे खेळ. हरलात तर बॅट माळ्यावर, दहावी आहे." आणि दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! पोरगी रात्रभर झोपली नव्हती हो.

टीमच्या सरांना थर्ड बेसजवळ 'बेस कोच' म्हणून उभं राहायला कोणीतरी हवं होतं. मी तयारच!

"ताई, पळ की थांब, एवढंच ओरडायचं," सर म्हणाले. "हाताने मदत करायची नाही. पंच पोरीलाच आउट देतात."

"सर, मी काय मैदान पहिल्यांदा बघतेय?"

शेवटचा डाव. धावा सारख्या. तन्वी थर्ड बेसवर, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिथून होमला पोचली की धाव आणि मॅच खिशात! आमच्या पोरीने चेंडू टोलवला, तो घरंगळत गेला आणि आमची बया बघत उभी!

"पळ! अगं पळ!" ढिम्म. मग काय झालं मला कळलंच नाही. समोर पाठ दिसली, हात उठला आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध सणसणीत पंजा बसला, "खो!!"

तन्वी जी सुटली, ती थेट होमला! पोरी नाचायला लागल्या. मीही.

तेवढ्यात समोरच्या टीमचे सर ओरडत आले, "कोचने ढकललं! कोचने ढकललं!"

पंच शांतपणे माझ्याकडे आले. "मॅडम, हात लागला?"

"लागला."

"नुसता लागला असेल तर हरकत नाही. त्याने पोरीला मदत झाली का, एवढंच बघायचं. मला वाटतं ती आपणहून निघाली होती."

बघा! वाढलेलं ताट समोर आलं होतं. मुकाट्याने मान हलवायची की नाही? पण आपणहून? म्हणजे माझा खो फुकट?

"आपणहून कसली सर! खांबासारखी उभी होती. माझा खो बसला म्हणून सुटली! या हाताने भल्याभल्यांना पळवलंय मी!"

मागून आमचे सर दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"रनर आउट! धाव रद्द!"

तन्वीचे डोळे भरले. "आत्या, तुला कोणी विचारलं होतं?"

"अगं, पंचांनीच विचारलं ना!"

पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या मोठेपणापायी पोरीची बॅट माळ्यावर जाणार! मॅच जादा डावात गेली. मी निमूटपणे झाडाखाली गेले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

आणि काय सांगू! तन्वीने असा टोला हाणला की चेंडू पार कुंपणाशी. फर्स्ट, सेकंड, थर्ड... थर्डला कोणी ओरडायच्या आत वळलीसुद्धा! मातीत घसरत होमला हात लावला आणि या वेळी पंचांनी कोणाला काही विचारलं नाही. जिंकलो! मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला. ऊर भरून येणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं मला.

लगेच दादाला फोन लावला. "दादा, जिंकली रे आपली पोरगी!"

"वा! तू होतीस ना सोबत? तुझा हातभार असणारच."

एरवी पाऊण तास सांगितलं असतं. पण तन्वी समोर कमरेवर हात ठेवून उभी!

"नाही रे. मी हात लावला नाही, म्हणून जिंकली."

दादा म्हणाला, "बरं. पोरीला पुढे पाठवतो. तू घरीच थांब."