झील धरणाऱ्या बाया

अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बाया गातात, हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. सरकीपासून रुई सोडवणारे रेचे सुरू असले की शेजारणीचा खोकलाही ऐकू येत नाही. महेजबीन त्या घरघरीच्या वर आवाज चढवून सवाल टाकायची. बाया तिच्या ओठांकडे बघून झील धरायच्या, एकसाथ उत्तराची ओळ म्हणायच्या. शेठला शिव्या, मुकादमाला टोमणे, प्यायच्या पाण्याची मागणी, सगळं गाण्यात. ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून भीतीही नव्हती.

मग कामावरच्या पार्वताबाईचा हात रेच्याच्या पट्ट्यात गेला. पट्ट्याला जाळी नव्हती. शेठने सांगून टाकलं, ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती.

चौकशीला अकोल्याहून सरकारी साहेब यायचे होते. महेजबीनने सवाल बांधला: ‘सांग रे रेच्या, हात कोनाचा खाल्ला?’ झील एकच: ‘पार्वताबाईचा!’

“आपा, साहेबासमोर म्हनाचं?” झील धरणाऱ्या आचलने विचारलं.

“मंग काय जलमभर रेच्यालेच ऐकवाचं?”

साहेब यायच्या सकाळी मुकादम जानरावने तिला फाटकावर गाठलं. “गळा साजरा हाय तुहा, महेजबीन. पोटाचंबी पाह्य जरा. तोंड उघडलं तं उद्या येऊ नको.”

साहेब आले. बोलणं ऐकू यावं म्हणून त्यांनी रेचे बंद करायला लावले. पत्र्यावरच्या कबुतरांची नखं वाजू लागली. बायांना ही शांतता ठाऊकच नव्हती.

महेजबीनने सवाल टाकला. आवाज रेच्यांवर मात करायच्या सवयीचा. साहेब दचकून मागे सरले.

झील आली नाही.

बाया जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या गाण्याचा नियम होता, झील उठल्याशिवाय पुढची ओळ नाही. तिने पुन्हा तोच सवाल टाकला. तिसऱ्यांदा गळा फाटला.

“एकटीच हाय, साहेब,” जानराव हसला. “डोक्यानं जराशी सटकेल हाय.” मग आत बघून ओरडला, “चालू करा रे! कामाचा खोयंबा होऊन राह्यला.”

रेचे घरघरले. बायांचे खांदे सैल झाले. आचलचे ओठ हलले. मग तिच्या शेजारणीचे. मग रांगेतल्या सगळ्यांचे. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, पण महेजबीनला ओठ वाचता येत होते. ती सवाल टाकत गेली, झील येत गेली.

साहेबांनी ते हलते ओठ पाहिले आणि हाताने खूण केली, बंद करा. जानरावने मान फिरवली. साहेब स्वतःच बटणाकडे निघाले.

बायांची त्यांच्याकडे पाठ होती. महेजबीनला मात्र दिसत होतं. नुसता हात वर केला असता तरी बाया गप्प झाल्या असत्या. कुणाचीच रोजी गेली नसती.

साहेबांचा हात बटणावर गेला. तिने सवाल टाकला.

घरघर उतरत गेली. झील तेवढीच उंच राहिली.

“पार्वताबाईचा!”

कबुतरं उडाली. आचलने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. जानराव एकेका चेहऱ्याकडे बघत होता.

“कुणाचा?” साहेबांनी विचारलं.

आचल महेजबीनकडे बघत राहिली.

“आपा, तुमाले दिसत होतं,” ती हळूच म्हणाली. “तुमी सांगतलं नाही.”



आचलने तोंडावरचे हात काढले.

“पार्वताबाईचा, साहेब,” ती म्हणाली. “माह्या बाजूलेच उभी राहे ते. या पट्ट्यापाशी.”