सदाफुलीला अहो म्हणणारे काका

झाडांवर प्रेम करणारी माणसं या देशात पैशाला पासरी मिळतात. वर्षातून एकदा रोप लावायचं, फोटो काढायचा, की झालं प्रेम! पण झाडाला वचकून असणारा, प्रसंगी त्याच्यासाठी वाट सोडून उभा राहणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या आत्याचे धाकटे दीर. राहायला पेणला, आणि निवृत्त होईपर्यंत रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला. झाडांच्या पोटात काय काय दडलंय ते शोधण्यात त्यांचा उरलेला जन्म गेला. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचे, "घरात आधीच इतक्या जणी आहेत." म्हणजे कुंड्यांमधल्या.

सगळ्या झाडांना ते मान द्यायचेच, पण सदाफुलीला अहो-जाहो करायचे. ही बाई गटाराच्या कडेला, पडक्या भिंतीत, कुठेही उगवते, तिला कुणी पाणी घालत नाही आणि ती कुणाकडे मागत नाही. आपल्याकडची तर नव्हेच, समुद्रापलीकडच्या बेटावरून आलेली. काका तिला दिसेल तिथे हात जोडत. एकदा रोह्याहून येताना एस.टी. नागोठण्याला थांबली. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीतून एक सदाफुली बाहेर आलेली काकांना खिडकीतून दिसली, ते उतरून तिच्यासमोर उभे राहिले आणि एस.टी. निघून गेली. कंडक्टरने हाका मारल्या होत्या म्हणे. "बाईंशी बोलणं चालू होतं, मध्येच कसा निघू?" असं त्यांनी मलाच उलट विचारलं. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात मूर्ती उन्हात वाळवायला जागा हवी म्हणून मालकाने दारातली सदाफुली उपटली, तेव्हा काका रस्त्यातूनच ओरडले, "आत ओळीने विघ्नहर्ते बसवतोस आणि दारातली उपटून टाकतोस?" मालक म्हणाला, "काका, बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय गणपतीवर."

चेष्टा करणाऱ्यांना ते सोडत नसत. भाजीवाली असो की तलाठी, धरून उभं करत आणि सांगत. मधुमेहाला उपयोग होतो का, म्हणून कुणीतरी सदाफुलीचा पाला तपासायला घेतला. साखर तसूभरही हलली नाही. पण प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर घटल्या. दुसऱ्या कुणी पाला फेकून दिला असता. त्या माणसांनी मात्र विचार केला, की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेफाम वाढतात, त्या रक्ताच्या कॅन्सरवर हे चालेल का? आणि चाललं! इथे काकांचा आवाज नेहमी खाली यायचा, देवळात यावा तसा. "खोलीभर सुका पाला घ्या. त्यातून निघतं ते नखावर मावेल एवढं. पण तेवढ्यावर लहान पोरं मरणाच्या दारातून परत आलीत. अरे, झाडाला पळता येत नाही. गाय आली तरी उभं, कीड आली तरी उभं. म्हणून ते रसायन शिकलं. आपल्याला पाय मिळाले, आपण पळायला शिकलो."

आता माझं सांगतो. मी पत्रकं लिहिणारा माणूस. भोंदूंच्या विरोधात आमचा गट गावोगाव फिरतो, आणि मला दीड पानात संताप मांडायची सवय आहे. रोह्याच्या बाजारात एक जण सदाफुलीच्या पाल्याचं चूर्ण कॅन्सरवरचं औषध म्हणून विकत बसायचा. मी पत्रक काढलं, त्यात ठणकावून लिहिलं, की पाल्यात काडीचा दम नाही. काकांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"क्रांतिकारक, माफी माग."

"त्या भोंदूची?"

"बाईंची! दम नाही म्हणे. दम इतका आहे की चुकून जास्त झालं तर माणूस आडवा होईल. तो भोंदूही बाईंना ओळखत नाही आणि तूही नाहीस."

"पण काका, नवीन नवीन झाडांबद्दल रोज छापून येतं, अमक्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या, ते सगळं खरं मानायचं?"

"काचेच्या नळीत ना? नळीत फिनाईलनेसुद्धा मरतात. पेशी मारणं सोपं, माणूस ठेवून पेशी मारणं अवघड." आणि माझ्या पत्रकातली सगळी उद्गारचिन्हं त्यांनी लाल पेनने खोडली. मला भयंकर राग आला. अजूनही थोडा आहे.

त्यानंतर आमचा गट पेणच्या खाडीकाठच्या एका गावात सभेला गेला. तिथल्या मिठागरावर काम करणाऱ्या बाळारामची मुलगी दर्शना, दुसरीत शिकणारी, तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात उपचार सुरू होते, गुणही येत होता. पुढच्या फेरीला मात्र बाळाराम तिला घेऊन गेलाच नाही. त्याने अंगणभर सदाफुली लावली होती आणि पोरीला रोज पाल्याचा रस पाजत होता. मी भडकलो. कोणत्या भामट्याने सांगितलं, नाव सांग, त्याला तुरुंगात घालतो, असं म्हणालो. बाळाराम गोंधळून म्हणाला, "पेणचे काका बोलले. स्टँडवर सगल्यांना सांगत व्हते, मुंबईचं औषध यातनंच काढतात म्हणून. मंग जायचं कशाला? दारात हाय."

मी तसाच पेणला आलो आणि काकांना सांगितलं. ते लगेच उठून निघाले. चप्पल घालायचीही विसरले. आम्ही गावात पोचलो तेव्हा त्यांचे पाय चिखलाने भरले होते.

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. मी असतो तर नक्की केलं असतं, आकडे फेकले असते, बाळारामला अडाणी म्हटलं असतं. काका अंगणातल्या फुलांकडे न बघता थेट घरामागच्या मिठागरावर गेले. एका वाफ्यात पाणी नुसतं तापत होतं, पलीकडच्यात मीठ धरू लागलं होतं. काका बांधावर बाळारामजवळ बसले.

"बाळाराम, आज घरी आमटीत काय घातलंस?"

"मीठ. दुसरं काय?"

"खाडीचं पाणी का नाही घातलंस? मीठ त्यातूनच येतं ना?"

बाळाराम हसला. "काय काका! खाडीच्या पाण्यात काय काय असतं. गाळ असतो, कडू असतं. या वाफ्यातनं त्या वाफ्यात फिरवायचं, ऊन खाऊ द्यायचं. मीठ धरलं की ओढून घ्यायचं, राहिलेलं कडू पाणी सोडून द्यायचं. ते पोटात गेलं तर..."

त्याने वळून अंगणाकडे पाहिलं. त्याची बायको सुनंदा मागे उभी होती. ती घरात गेली आणि रसाचा तांब्या आणून काकांसमोर मातीत ओतला.

"मी बोलत व्हते यांना, पोर ओकते रस पिऊन," ती म्हणाली. "तर म्हणाले, औषध कडूच असतं गो."

काका तिला म्हणाले, "चूक त्याची नाही. मी अर्धंच सांगितलं. बाईंचं गुणगान केलं आणि बाकीचे वाफे सांगायचे विसरलो." मग ते उठले, अंगणात आले, आणि ज्यांना आयुष्यभर हात जोडले त्या सदाफुल्या एकेक करून मुळासकट उपटू लागले. उपटताना पुटपुटत होते, "माफ करा, माफ करा." बाळारामही वाकला. मी पत्रकांचं बंडल कट्ट्यावर ठेवलं आणि उपटायला लागलो.

दोन दिवसांनी दर्शनाला घेऊन आम्ही मुंबईला गेलो. हट्टाने काकाही आले. डॉक्टर बाळारामवर चिडल्या, ते बरोबरच होतं. रसामुळे काही बिघडलं का, म्हणून रक्त तपासलं, मग औषध पुन्हा सुरू केलं. नर्सने औषधाची छोटी बाटली आणली आणि सिरिंज भरली. आत पाण्यासारखं स्वच्छ, बिनरंगाचं काहीतरी. ना हिरवं, ना जांभळं, ना कडू वास. "हेच का ते?" काकांनी विचारलं. नर्सने नाव सांगितलं. जे नाव त्यांनी जन्मभर फळ्यावर लिहिलं, ते औषध एका मुलीच्या शिरेत जाताना काका पहिल्यांदा बघत होते. ते उभे राहिले. वॉर्डात सगळे बघत होते, तरी हात जोडून उभे राहिले. चष्म्याखालून पाणी यायला लागलं.

दर्शना त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, तुमी का रडता? सुई मला टोचलीय ना!"

परतीच्या गाडीत पनवेल सोडल्यावर काका आपणहून बोलले. रोह्याच्या वरच्या डोंगरात त्यांना एक वेल सापडली होती. तिच्या अर्कानेही नळीतल्या पेशी मेल्या होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं तिच्यामागे घालवली, वाफ्यामागून वाफा. पण तिच्यातलं चांगलं आणि वाईट शेवटपर्यंत वेगळं झालंच नाही. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

"वाटतं ना. डोंगरात किती जणी उभ्या आहेत, काय काय पोटात घेऊन. विचारायला जाणारा म्हातारा झाला."

दर्शनाचे उपचार अजून चालू आहेत. डॉक्टर आशेचे शब्द जपून वापरतात, आणि मीही हल्ली तसेच वापरायला शिकतोय. प्रत्येक फेरीला काका बरोबर जातात. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मी एकदा रागावून म्हटलं, "औषध द्यायला तिथे डॉक्टर आहेत, पोरीला आईबाप आहेत. तुम्ही कशाला जाता?"

"अरे," ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या शहरात, त्या बाटलीतल्या बाईंच्या ओळखीचं कुणीतरी नको का?"