लोटलेलं दार

आज काय झालं सांगू? आमची अडीच वर्षांची मनू बाथरूममध्ये तिच्या पॉटीवर बसली आणि म्हणाली, "आई, तू जा. मी मोठी झाले."

"बरं बाईसाहेब," म्हणत मी बाहेर आले, दार लोटलं. आतून शूऽऽ ऐकू आलं. तिला सू व्हावी म्हणून रोज मी तोंडाने काढायचे तो आवाज आज तीच काढत होती. इतकं भारी वाटलं, कुणाला तरी लगेच सांगायचं होतं. पण नवरा ऑफिसात, आणि या नव्या शहरात अजून कुणाशी ओळख नाही. दिवसभर माझ्याशी बोलणारं एकच माणूस, ते आत. हिला माझ्याशिवाय बसायला मीच तर शिकवत होते.

"झाली का गं?"

"थांब ना."

मी दाराला टेकून बसले.