प्लायवूडपलीकडचा ठसका

आधी पेनाला टोपण घालायची, मग चष्मा काढून टेबलावर ठेवायची आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला म्हणायची, "अपघात राहू द्या. आधीचं सांगा."

माणूस गडबडून जायचा. वकिलाने त्याच्याकडून अपघात तेवढा घोटून घेतलेला असायचा. यंत्र कोणतं, पाळी कुठली, हात कसा अडकला. आणि ही जज्जबाई विचारते, या हाताने आधी काय काय करत होतात?

"काम करत होतो, साहेब."

"ते कारखान्यात. घरी? सकाळी उठल्यापासून सांगा."

मग तो उरलेल्या बोटांकडे बघत सांगू लागे. लेकीची वेणी घालायचो. म्हशीची धार काढायचो. भजनात ढोलकी वाजवायचो. ती हनुवटीवर मूठ टेकून ऐकत राहायची, आणि वकिलांच्या बाकावर बसलेली मी दात खात असायचे. आता खायला दातही फारसे उरलेले नाहीत, पण तेव्हा भरपूर होते आणि ते सगळे मी या एका बाईवर झिजवले.

कारण सांगते. तुम्हालाही ते माहीत असणार. फक्त तुम्ही कबूल करणार नाही. आपल्या बरोबरीचं माणूस आपल्यापेक्षा उंच खुर्चीवर बसलं, की आपल्याला त्या खुर्चीचा प्रत्येक खिळा दिसायला लागतो.

ती आणि मी मुंबईला लॉ कॉलेजात एका बाकावर बसायचो. माझ्या डब्यातली भाजी ती खायची, तिच्या वहीतल्या टिपणांवर मी परीक्षा द्यायचे. पुढे ती फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात लागली. तिथे विमा कंपन्यांची कामं चालत. मी लग्न होऊन पनवेलला आले, दारावर पाटी लावली आणि 'कामगारांची वकील' म्हणून मिरवू लागले. मग एका वर्षी आम्ही दोघींनी जज्जाच्या जागेसाठी मुलाखत दिली. मला विचारलं, "न्यायाधीशाचं सगळ्यात अवघड काम कोणतं?" मी म्हटलं, "वकिलांची भाषणं ऐकणं." मंडळी खदखदून हसली. मी पेढेच घेऊन घरी आले. हसवणाऱ्या माणसाला टाळी देतात, खुर्ची देत नाहीत, हे मला पत्र न आल्यावर समजलं.

पत्र तिला आलं. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनवेलला कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालवायला नवीन न्यायाधीश आल्या, त्या म्हणजे ही. कारखान्यात, बांधकामावर किंवा बोटीवर कुणाचा हात गेला, पाय गेला, तर त्याचं काय आणि किती, हे ठरवायचं काम तिचं. कॉलेजात जिला मी "अगं ए" म्हणायचे, तिला आता रोज "माननीय न्यायालयास विनंती की" म्हणायचं. पहिल्या दिवशी 'माननीय' शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

आमच्या बाररूममध्ये नानासाहेब म्हणून सर्वांत ज्येष्ठ वकील होते. नवीन जज्ज आला की त्याची कुंडली मांडणं हे काम त्यांचं. "हा तहसीलदाराचा मुलगा, तारीख मागा, नाही म्हणणार नाही. तो आधी शाळामास्तर होता, अर्जात खाडाखोड नको. अमका पूर्वी युनियनचा वकील, म्हणून आता मालकांशी जरा जास्तच गोड. उगाच कोणी बोट दाखवायला नको." कायद्याच्या पुस्तकापेक्षा आम्ही या कुंडल्यांवर जास्त विसंबायचो.

"ही तुमच्या बरोबरीची ना?" नानासाहेबांनी मला विचारलं. "आधी काय करत होती?"

मी वाटच बघत होते. "विमा कंपनीची वकील. इतकी वर्षं खालून कामगारांचे दावे पाडले, आता वरून पाडेल."

कुंडली मंजूर झाली. 'कंपनीची बाई' हे नाव मीच ठेवलं. बारसं इतकं थाटात झालं की संध्याकाळपर्यंत टायपिस्टालाही ते ठाऊक होतं.

ती राहायला आली ती नेमकी खांदा कॉलनीत, आमच्या मागच्या इमारतीत. माझ्या सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी गॅलरीतून शोध लावला. "शिपाई पर्स धरून मागून चालतो गं तिच्या! तुझ्याच वर्गातली ना? मग तुला कसं नाही केलं जज्ज?"

"मला तुमचा स्वयंपाक करायचा होता ना, म्हणून," मी म्हटलं.

"तो तरी कुठे धड करतेस?" सासूबाई म्हणाल्या. त्याही न्यायाधीशच होत्या, फक्त त्यांच्यावर अपील नव्हतं.

एकदा भाजीच्या गाडीपाशी ती समोर आली. मी तोंडभर हसायच्या तयारीत होते. तिने मान तेवढी हलवली, कोथिंबीर घेतली आणि गेली. मी घरी येऊन कोबी असा काही चिरला की नवऱ्याने विचारलं, "आज कोर्टात कोणाला मारलंस?" आपल्यापुढे केस चालवणाऱ्या वकिलाशी न्यायाधीशाने घरोबा ठेवायचा नसतो, हे मला काय माहीत नव्हतं? परीक्षेत त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. पण असूयेला नियम वाचता येत नाहीत. ती फक्त कोथिंबीर बघते.

माझा सूड ठरलेला होता, दुपारच्या डब्याच्या वेळी. बाररूम आणि तिचं चेंबर यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती. पलीकडे जुना कूलर ट्रॅक्टरसारखा धडधडायचा, त्यामुळे इकडचं तिकडे जात नाही अशी आमची पक्की समजूत. डबे उघडले की कोणीतरी म्हणायचं, "बाई, होऊन जाऊ द्या." मग मी उठायचे. चष्मा काढायचे, पेनाला टोपण घालायचे, आवाज पार खर्जात न्यायचे आणि नानासाहेबांना विचारायचे, "अपघात राहू द्या. लग्नाच्या आधीचं सांगा." नानासाहेब हात जोडून म्हणायचे, "काय सांगू साहेब, आधी मला जीभ होती." चपात्या हातात राहायच्या लोकांच्या.

पलीकडून नेमका तेव्हाच ठसका ऐकू यायचा. एक, मग लागोपाठ.

"बघा," मी म्हणायचे, "फोर्टातल्या बाईला पनवेलची धूळ सोसत नाही."

अशात चांगुणाबाईचा दावा उभा राहिला. चांगुणाबाई करंज्याची, कोळीवाड्यातली. बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात लादी फोडायच्या यंत्रावर कामाला होती. यंत्राने उजव्या हाताची तीन बोटं नेली. कंपनीचं म्हणणं, कायद्याच्या तक्त्यात तीन बोटांचा जो हिशेब आहे तेवढा घ्या आणि गप्प बसा. शिवाय डॉक्टरांचा दाखला होता, 'हलके काम करू शकेल.' माझं म्हणणं, बाईची कमाई गेली ती पुरती गेली. नवरा खोकल्याने अंथरुणाला खिळलेला. या निकालावर तिची चूल अवलंबून होती.

आणि माझं काय अवलंबून होतं? सांगायला आता लाज नाही, कारण लाजणारी ती बया तिशी-चाळिशीतली होती, मी नव्हे. दावा जिंकावा असं मला मनापासून वाटे. आणि कंपनीची बाई कंपनीचीच निघावी, माझी कुंडली खरी ठरावी, असंही तितक्याच मनापासून वाटे. दोन्ही एकदम कसं व्हायचं, याचा विचार करायला मला फुरसत नव्हती.

चांगुणाबाई साक्षीला उभी राहिली. टोपण, चष्मा, हनुवटीवर मूठ.

"अपघात राहू द्या. आधीचं सांगा."

मी खाली मान घालून हसले. चांगुणाबाई मात्र हसली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग वर खुर्चीतल्या बाईकडे.

"आधी काय, बाय? बंदरावर म्हावरा निवडायची. बोंबील सुकवाला वलांडीवर घालायची. खडकावरची कालवा फोडायची. कारखाना नुसता पगाराला. या हातानं आमी काय नाय केला ता इचारा."

"आणि आता?"

"आता लुगडं नेसाला सुनंला हाक मारते. सून हाय चांगली, पन रोज सकाली हाक मारते ना, ता बरा नाय वाटत."

 कंपनीचे वकील उठले आणि डॉक्टरांचा दाखला वाचून म्हणाले, हलकं काम करायला बाई समर्थ आहेत.

"हलकं म्हणजे कोणतं?" तिने विचारलं.

"हलकं म्हणजे… देखरेखीचं वगैरे."

"बर्फाच्या कारखान्यात देखरेखीला अडाणी बाई ठेवतात? कोणी ठेवली आहे का आजवर? मालक बसलेत मागे, त्यांना विचारून सांगा."

मालक बुटांकडे बघत बसले. वकील पाणी प्यायले.

मग ती जे बोलली ते मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं. "वकीलसाहेब, या वाक्याची आणि माझी जुनी ओळख आहे. 'हलके काम करू शकेल.' डॉक्टरांना ते कसं लिहायला सांगायचं, हे मी फोर्टात शिकले. किती तरी दाव्यांत मी ते वापरलं. तेव्हा समोरून मला कोणी विचारलं नाही की हलकं काम दाखवा. मला उत्तर देता आलं नसतं."

असं म्हणून तिने चष्मा लावला.

मी समोरची फाईल फाडकन मिटली. का? तो प्रश्न मी विचारायला हवा होता! कामगारांची वकील मी, पाटी माझ्या दारावर, आणि नेमका प्रश्न विचारावा कंपनीच्या बाईने? पुढच्या महिन्यात निकाल लागला, पुरता आमच्या बाजूने. वकील मंडळींनी माझा हात हातात घेतला आणि मी असं हसले की जणू मलाच कोणी दंड ठोठावला होता.

चांगुणाबाई सुक्या बोंबलांच्या दोन जुड्या घेऊन आली. "यो तुमाला. आन् यो त्या बायला."

"अगं, त्या घेत नाहीत. त्यांना चालत नाही."

"खात नाय?"

"खात असतील. पण घेता येत नाही कोणाकडून."

चांगुणाबाईने जरा विचार केला. "घेत नाय ना? मग वास तरी घेव दे."

आता वकिलाने अशिलाची सूचना पाळायलाच हवी. दुसऱ्या दिवशी बोंबील भाजून, लसूण-मिरचीत परतून मोठा डबा भरून नेला आणि प्लायवूडला अगदी खेटून बसले. झाकण उघडलं आणि बाररूम घमघमली. नक्कल मात्र त्या दिवशी केली नाही. का कोण जाणे, आवाज खर्जात जाईना. पलीकडेही सगळं शांत. ठसका नाही, काही नाही. नुसता कूलर.

तिची बदली झाली तेव्हा बाररूममध्ये चहा-समोशांचा निरोप समारंभ ठेवला होता. बोलायला अर्थातच मला उभं केलं. बरोबरीची ना! मी रात्री घासूनपुसून भाषण तयार केलं होतं. 'कर्तव्यकठोर' होतं त्यात, 'मृदू अंतःकरण' होतं, एक सुभाषितही होतं. मी "माननीय" म्हणून सुरुवात केली आणि ती खुर्चीतून हळूच म्हणाली,

"ते नको गं. रोज करतेस ते कर."

समोसे हवेत राहिले. नानासाहेबांना अचानक खिडकीबाहेरचं काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

मला पळून जायला प्लायवूड फोडावं लागलं असतं. केलं मग. चष्मा काढला, टोपण घातलं, आवाज खाली नेला, "अपघात राहू द्या…"

"चुकतेस," ती म्हणाली. "टोपण आधी. चष्मा आधी काढला तर मला टोपण सापडत नाही. आणि माझा आवाज इतका बसका आहे? खरं सांगा हो नानासाहेब."

नानासाहेबांना त्या दिवशीही जीभ नव्हती.

मग ती हसायला लागली. आणि हसता हसता पदर तोंडावर धरून ठसकली. एक, मग लागोपाठ. तो ठसका मी ओळखला.

"धूळ नव्हती ती?" मी विचारलं.

"कसली धूळ?" डोळे पुसत ती म्हणाली. "हसले असते तर तुम्ही गप्प झाला असता. मग मी जेवायला बसले असते कोणाबरोबर? तुला बोलायचे पैसे मिळतात, मेले. मला दिवसभर गप्प बसायचे. मुलाखतीत तू सगळ्यांना हसवून बाहेर आलीस ना, मी बाहेर बाकावर बसले होते. हसणं दाराबाहेर ऐकू येत होतं. मला वाटलं, गेली ही पुढे. इतका हेवा कधी कोणाचा केला नव्हता मी."

मी माझ्या बशीतला समोसा उचलून तिच्या बशीत ठेवला. 

निघताना ती दारात थांबून म्हणाली, "त्या बोंबलांच्या वासावर मी नुसता वरणभात जेवले हो. सांग तुझ्या अशिलाला."

मी सांगितलं. चांगुणाबाई म्हणाली, "मना ठाव होता."

तिच्या जागी दुसरे साहेब आले. आधी काय होते, ते नानासाहेबांनी शोधून काढलं. मी लक्ष दिलं नाही. दुपारी लोक म्हणाले, "बाई, नव्या साहेबांची होऊन जाऊ द्या." केली. लोक हसले. पण हशा संपल्यावर मी मध्येच थांबले, तशीच, चष्मा हातात धरून. पलीकडे नवीन कूलर बसवला होता, त्याचा आवाजही नव्हता.

आता ती कुठे आहे, मला माहीत नाही. आहे की नाही, हेही नाही. नातवंडांना मी अजून सगळ्यांच्या नकला करून दाखवते. त्यांच्या आईची तर फारच छान करते. पोरं लोळतात. मी मात्र शेवटचं वाक्य टाकलं की जरा थांबते. नात विचारते, "आजी, कशाला थांबलीस?"

"थांब गं," मी म्हणते, आणि भिंतीला कान लावते.