घडीवाल्या बिल्डिंगची दहा मिनिटं

मी गोंदिया सोडलं ते दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी पुण्याची गाडी निघाली तेव्हा मी स्टेशनसमोरच्या घडीवाल्या बिल्डिंगच्या ओट्यावर बसून समोसा खात होतो. मनगटावर बाबांनी नोकरी लागली म्हणून घेऊन दिलेलं नवं घड्याळ. त्यात पाहिलं, सवयीनं मनातल्या मनात दहा मिनिटं वजा केली आणि आणखी एक समोसा मागवला. रुबाबात फलाटावर पोचलो, तर गाडीचा शेवटचा डबा लांब गेलेला आणि बाबा माझ्या ट्रंकेवर बसलेले.

"हे घडी स्टेशनशी मिळवून देली होती रे तुले," ते म्हणाले. "याच्यात दहा मिनिटं नव्हतेच. काढले कायले तू?"

ही दहा मिनिटांची भानगड गोंदियाच्या माणसाला सांगावी लागत नाही. माझ्यासारखे जे पुण्यात, रायपुरात, दुबईत जाऊन बसले त्यांनाही नाही. बाकीच्यांसाठी सांगतो.

आमची बिल्डिंग रेल्वेच्या मागोमाग आली. आधी तिथं लाखेचं गोदाम होतं, मग तेंदूपत्ता आला, बिड्या आल्या. पुढे खाली कापडाची दुकानं आणि वर तांदळाच्या दलालांच्या गाद्या. काळ्या दगडाचं जोतं, कवेत न मावणारे सागाचे खांब. मागच्या खोल्यांत पावसाळ्यात अजून तेंदूपत्त्याचा वास येतो. माझी नोकरी काचेच्या इमारतींत गेली. एसी बंद पडला की तिथं साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे कासावीस. या बिल्डिंगमध्ये मी ऐन मे महिन्यात भर दुपारी घोरलो आहे. बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव कुठंच कोरलेलं नाही. मला भेटला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो आणि त्यानं मला, इंजिनियर म्हणून, चार प्रश्न विचारून गप्प केलं असतं.

जिन्याखाली बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि दर्शनी भिंतीवरचं मोठं घड्याळही त्यांच्याच हाती. ते लावणाऱ्या जुन्या सेठनी सांगून ठेवलं होतं, की दहा मिनिटं पुढे ठेवा. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर घेऊन छोट्या लाइनची गाडी गाठायला धावायची. हुकली, की मुक्काम फलाटावर. घड्याळ पाहून ती वेळेआधी निघायची. गावातल्यांना गुपित ठाऊक. ते दहा वजा करायचे. लबाडीच, पण अख्ख्या गावानं मिळून जपलेली.

बाबांनंतर दुकान आणि हे घड्याळ माझ्या दादाकडे आलं. दर शनिवारी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो वर चढतो आणि चावी देतो. गुडघे कुरकुरतात, पण शनिवार त्याचा सण असतो.

यंदा दिवाळीनंतर मी बायकोला, सुनीताला, घेऊन गेलो. जुन्या सेठच्या नातवानं बिल्डिंग पाडली नव्हती. उलट रंगाचे थर खरवडून दगड मोकळा केला होता. मी पाहतच राहिलो. तेवढ्यात हा नवा सेठ म्हणाला, "भैया, आप तो इंजिनियर हो. ये घडी दस मिनट आगे, लोग फोटो निकालके हँसते हैं. नई मशीन मंगाई है, चाबी का झंझट ही नहीं. टाइम तो सही होना ना?"

मी पडलो पुण्याचा शहाणा. म्हणालो, "टाइम तो सहीच होना."

दादा भिंग डोळ्याला लावून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मंग मी शनवारी वरतं कायले जाऊ?"

माझी जीभ तेव्हाच चावायला हवी होती. पण शब्द गेला होता. मशीन यायची होती. तोवर जुनं घड्याळ तरी बरोबर करा, असं सेठनं त्याच संध्याकाळी सांगितलं. अशा घड्याळाचा काटा मागे फिरवत नाहीत. लंबक थांबवायचा आणि वाट पाहायची. दादा वर बंद घड्याळापाशी उभा, मी खाली रस्त्यावर. आमच्या बापानं जन्मभर सांभाळलेली दहा मिनिटं आमच्या डोळ्यांदेखत जात होती, आणि शिफारस माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठ नागपूरला निघाला होता. रस्त्यापलीकडच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. त्यानं मान वर करून घड्याळ पाहिलं. "अभी तो बहुत टाइम है."

मीही पाहिलं. "आहे की."

सुनीता म्हणाली, "अहो, गाडी आठची ना? मग आठ वाजतच आलेत."

तिला इथलं काय कळतंय, म्हणून आम्ही दोघं हसलो आणि दुसरा चहा सांगितला. तो येण्याआधी भोंगा वाजला. सेठ बॅग घेऊन धावला आणि थोड्या वेळानं तीच बॅग घेऊन चालत परत आला.

दादा दुकानाच्या दारात उभा होता. "काऊन सेठ? टाइम तो सही था."

सेठनं कपाळावरचा घाम पुसला. "भैया, पहले जैसी कर दो. मशीन मैं अपनी दुकान में लगा लूंगा."

शनिवार नव्हता, तरी दादानं धुतलेला सदरा घातला. या खेपेला काटा पुढे न्यायचा होता, वाट पाहायची नव्हती. खाली उतरला आणि मला म्हणाला, "तू आता पुण्यालेच इंजिनियरी कर, बाबू."

परतीच्या गाडीत सुनीता बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. धानाची शेतं मागे पडली तेव्हा म्हणाली, "आपलं स्वयंपाकघरातलं घड्याळ. तुम्ही सेल बदलला की ते पुढे जातं. मी दोनदा दुरुस्तीला टाकलं ते!"

मी कबूल केलं. मुद्दाम करत नाही, हात आपोआप जातो. इतकी वर्षं पुण्याला घर म्हणतोय, आणि भिंतीवर मात्र गोंदियाची वेळ लावून बसलोय.

"असू दे तसंच," ती म्हणाली. "वजाबाकी मात्र यापुढे मी करीन. तुम्हा गोंदियावाल्यांना ती कुठं थांबवायची ते कळत नाही."