सतापाचा वास

सणसरला आईच्या घरी मोरीच्या पाण्यावर सतापाचं झाड होतं. कंबरेएवढंही नाही, निळसर हिरव्या बारीक पानांचं. जाता-येता आईचा हात त्यावरून फिरायचा आणि दुपारपर्यंत तिच्या पदराला तो उग्र वास असायचा. गल्लीत कुणाचं बाळ सर्दीनं चोंदलं की त्याची आई पानं मागायला यायचीच. आई पानं चुरगळून फडक्यात बांधून द्यायची आणि दर वेळी बजावायची, "पोटात द्यायचं न्हाय. आन घरात पोटुशी बाई असंल तर तिच्यापासनं लांब ठिव." कसर लागू नये म्हणून कपड्यांच्या पेटीतही तीच पानं.

कोरोनात आई तापानं पडली. बरी झाली, पण वास गेला. मी वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहते. एका सकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, आत्याबाई काय ऐकंनात. झाड ओरबाडायला लागल्यात." आईला ती आत्याबाई म्हणते.

स्कूटी काढून गेले. आई मोरीपाशी बसली होती, समोर चुरगळलेल्या पानांचा ढीग. एक पान तिनं चावलं.

"जिभेला कडू लागतंय," ती म्हणाली. "वास तेवढा न्हाय."

तिला एका जागी बसवतच नव्हतं. उठून चुलीपाशी जायची, हिंगाची डबी उघडायची, झाकायची, पुन्हा अंगणात यायची. आदल्या दिवशी तिच्यासमोर दूध करपलं होतं आणि तिला कळलं नव्हतं. मीही तिच्यामागं आत-बाहेर करत राहिले. बस म्हणावं तरी मला कुठं बसवत होतं.

तेवढ्यात शेजारची सून बाळाला घेऊन आली. बाळाचं नाक घुरघुरत होतं. आई खुडायला वाकली आणि थांबली.

"मलाच कळंना, तर हिला कसं देऊ?" तिनं डहाळी माझ्या नाकाशी धरली. "येतोय का वास?"

"येतोय."

"कसा?"

"उग्र."

"उग्र तर रॉकेल बी असतंय. नीट सांग की."

मी पुन्हा हुंगलं. लिंबाची साल म्हटलं, मग ओवा म्हटलं, मग दोन्ही नाही म्हटलं. जन्मभर ओळखीचा वास, आणि मला तो सांगता येईना. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी वैतागून तिनं डहाळी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी डॉक्टरला दाखव जा." असं ती यापूर्वी कधी म्हणाली नव्हती.

पुढं बरेच महिने मी फोन केला की आधी विचारायचे, वास आला का. ती चिडायची. मग विचारणं सोडलं, तर म्हणायची, "इचारलं न्हाईस आज?"

एक दिवस तिनं स्वतःच फोन केला. "आला." पण आवाजात आनंद नव्हता. मी गेले तेव्हा ती पदर नाकाला लावून दारात उभी होती. तिला सतापाचा जळक्या रबरासारखा वास येत होता. कांद्याचाही तसाच, चहाचाही तसाच. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं. वास असा उलटासुलटा होऊन हळूहळू परततो, सगळा परतेलच असं नाही, एवढंच म्हणाले. येताना गाडीत मी उगाच बोलत होते.

घरी येऊन तिनं भावाला झाड मुळासकट काढायला लावलं आणि शेजारच्या सुनेच्या परसात लावून दिलं. रोज पाणी घालायला मात्र स्वतः जायची, नाक दाबून.

अलीकडं फोनवर म्हणाली, "कांदा जाग्यावर आला बघ. फोडणीत वळखला."

"आणि सताप?"

"हुंगून बघितलं न्हाय," ती म्हणाली, आणि फोन वहिनीकडं दिला.