माझा डोंगर, माझ्या नद्या

गव्हाच्या रोगांवरच्या प्रशिक्षणासाठी मी न्यूझीलंडला गेले होते. परत जयपूरला आले तेव्हा गव्हापेक्षा तिथल्या माणसांबद्दलच जास्त बोलत होते. गोरा बसचालक चढणाऱ्या प्रत्येकाला "किया ओरा" म्हणतो. माओरी भाषेतला हा नमस्कार. शाळेत गोरी मुलं आणि माओरी मुलं एका रांगेत उभी राहून माओरी गाणी म्हणतात. हे सगळं गोडीगुलाबीनं झालेलं नव्हतं. जमिनी गेल्या होत्या, शाळेत माओरी बोललं तर मार बसायचा. म्हाताऱ्या बायकांनी नातवंडांना मांडीवर घेऊन ती भाषा पुन्हा उभी केली होती. मी भारावून गेले होते.

हे मला सांगितलं आमच्या प्रशिक्षक बाईंनी. त्या पन्नाशीच्या, निळ्या डोळ्यांच्या. आजी माओरी, आजोबा स्कॉटलंडहून आलेल्या घराण्यातले. एकदा शेतात फिरताना त्यांनी विचारलं, "तुमच्या जयपूरचे मूळ लोक कोण?"

मी सांगलीची. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे इथं आले, शहरातल्याच दुर्गापुऱ्यात कृषी संशोधनाची नोकरी मिळाली आणि इथलीच झाले. घाईघाईनं राजे-महाराजे आठवले, पण तेही बाहेरूनच आलेले. "घरी जाऊन विचारते," म्हणाले.

आम्ही राहतो त्या सोडाल्यातल्या आमच्या शेजारीण आंटीजी मीणा या आदिवासी समाजाच्या. त्यांना विचारलं तर मटार सोलता सोलता त्या ताठ बसल्या. "हमारे पुरखे तो राजाओं से भी पहले के हैं," म्हणाल्या. मग आमेरच्या डोंगरात त्यांच्या पूर्वजांचं राज्य कसं होतं, ते सांगत बसल्या. माझी चौदा वर्षांची मुलगी अभ्यास सोडून ऐकत राहिली.

पुढच्या थंडीत त्या बाई आमचा गहू बघायला दुर्गापुऱ्यात आल्या. एक दिवस मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आंटीजींना सांगितलं, "दारात स्वागत तुम्हीच करायचं. ही जमीन आधी तुमची."

आंटीजी ठेवणीतली ओढणी घेऊन आल्या. त्यांनी टिळा लावला, गाणं म्हटलं. मग मी ओवाळलं. बाईंनी आपल्या रीतीप्रमाणे पुढे होऊन आंटीजींच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. आंटीजी आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की ओढणी खांद्यावर आली.

जेवण गच्चीवर होतं. आंटीजींची बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी, माझी पुरणपोळी. समोर उन्हात नाहरगडाचा डोंगर. जेवण झाल्यावर बाई उभ्या राहिल्या. आमच्यात पाहुण्यानं आपली ओळख द्यायची असते, म्हणाल्या. त्यांनी माओरीत आधी आपल्या डोंगराचं नाव घेतलं, मग नदीचं, मग आजीच्या कुळाचं आणि आजोबांचे पूर्वज आले त्या जहाजाचं. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. मग त्यांनी माझ्या मुलीकडे बघितलं. "तुझा डोंगर कोणता?"

मुलगी जयपूरला जन्मलेली. हिंदीत भांडते, इंग्रजीत अभ्यास करते आणि मराठीत अडखळते. ती उठली, कठड्याला टेकली आणि मराठीतच बोलायला लागली.

"माझा डोंगर हा. नाहरगड. माझ्या नद्या दोन आहेत. एक कृष्णा, तिला मी सुट्टीत भेटते. दुसरी द्रव्यवती. तिला सगळे नाला बोलतात, मतलब... म्हणतात, पण ती माझ्या घराजवळून वाहते. माझे आई-बाबा सांगलीहून इथे आले. ज्यांच्या जमिनीवर आम्ही राहतो, त्यांचं गाणं तुम्ही आत्ता दारात ऐकलं."

मग तिनं तेच आंटीजींसाठी हिंदीत आणि बाईंसाठी इंग्रजीत सांगितलं. आंटीजींनी तिला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला. बाई मान हलवत राहिल्या. नवरा उगाचच ताटं गोळा करायला लागला. मी मात्र बसल्या जागी उंच झाले होते. मी परदेशात जे बघून हरखले होते, ते माझ्या पोरीनं, कुणी न शिकवता, गच्चीवर उभं राहून बोलून दाखवलं होतं.

त्यानंतरच्या गणेशोत्सवात इथल्या मराठी मुलांचा कार्यक्रम तिनंच बसवला. नाच नाही, नाटुकलं नाही. प्रत्येकानं मंचावर येऊन आपला डोंगर आणि नदी सांगायची. आठवडाभर घराघरांतून नागपूरला, साताऱ्याला, जळगावला फोन चालले होते, "आजोबा, आपली नदी कोणती?" आंटीजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पोरं तोडकंमोडकं मराठी बोलत होती, आणि आंटीजी प्रत्येकासाठी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होत्या.